काँक्रीटची सजावटी फरशी: नागपूरच्या उन्हाळ्यात कोणती टिकते, कोणती तडकते?

रेड ऑक्साइड, मोझॅक, पॉलिश्ड काँक्रीट, मायक्रोसिमेंट, स्टॅम्प्ड काँक्रीट... पर्याय भरपूर आहेत. पण काळी माती, ४५ अंशांचं ऊन आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त या तिघांचं गणित जुळलं, तरच फरशी टिकते. प्रताप नगरसारख्या वस्तीत घर बांधताना किंवा दुरुस्त करताना काय बघायचं, सोप्या भाषेत समजून घेऊया.

डिजिटल डेस्क, नागपूर

थोडक्यात

- जुन्या घरात मोझॅक किंवा चिप्सची फरशी असेल तर फोडण्याआधी एका कोपऱ्यात घासून बघा. नवी फरशी घेण्याची गरजच उरणार नाही, अशी शक्यता असते.
- काँक्रीटच्या फरशीला भेगा पडण्याची तीन मोठी कारणं: खालचा भराव बसणं, मिश्रणात जास्त पाणी आणि अपुरी तराई.
- कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस आणि फ्लाय अॅशयुक्त पीपीसी सिमेंटला किमान १४ दिवस पाणी हवं.
- मुहूर्त ठरला असेल तर फरशीचं काम त्याआधी दोन महिने संपलेलं असावं.
- वरच्या मजल्यावर ४० मिमीचा थर टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. या थराचं वजन दर चौरस मीटरला जवळपास १०० किलो भरतं.

हा विषय आता का?

प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला, स्वावलंबी नगर, गोपाल नगर हा नागपूरच्या नैऋत्येचा पट्टा. इथे एक-दोन मजली स्वतंत्र घरं आहेत आणि त्याच गल्लीत फ्लॅट स्कीमही उभ्या आहेत. जुन्या घरांत पिढीबदल होतोय. आईवडिलांनी बांधलेल्या घराची दुरुस्ती मुलं करतायत आणि पहिला प्रश्न येतो तो फरशीचा.

इतकी वर्षं याचं उत्तर ठरलेलं होतं: व्हिट्रिफाइड टाइल्स. आता मोबाइलवर दिसणारी राखाडी, सांधे नसलेली, मऊसर चमकणारी फरशी लोकांना हवी आहे. मिस्त्रीला फोटो दाखवला जातो, "अशीच पाहिजे." मिस्त्री "होऊन जाईल" म्हणतो. अडचण इथूनच सुरू होते. टाइल कारखान्यातून तयार होऊन येते, तर काँक्रीटची फरशी तुमच्या घरातच तयार होते. त्या दिवशीची हवा, रेती, पाणी आणि मिस्त्रीचा हात हेच तिचे घटक. बिघडली तर टाइलसारखी एक उचलून दुसरी बसवता येत नाही.

सजावटी काँक्रीट म्हणजे नेमकं काय?

सिमेंट, रेती, गिट्टी आणि पाणी यांचंच मिश्रण. फक्त वरचा भाग झाकून न टाकता त्यालाच रंग, चमक, नक्षी किंवा पोत दिला जातो. ही काही नवी गोष्ट नाही. आजोबांच्या घरातला घोटलेला कोबा हे त्याचंच साधं रूप. मुंबईत भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या विचारातून सुरू झाली, ती परदेशी टाइल्सना देशी सिमेंट टाइल्सचा पर्याय देण्यासाठी. तमिळनाडूच्या चेट्टिनाड भागातल्या अत्तंगुडी टाइल्स आजही काचेच्या तुकड्यावर हाताने रंग ओतून बनतात.

विदर्भाला यातला मुख्य माल घराजवळच मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. कोराडी, खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून निघणाऱ्या फ्लाय अॅशसारखी राखच पीपीसी सिमेंटमध्ये वापरतात. त्यामुळे प्रश्न मालाचा कमी आणि कामाच्या पद्धतीचा जास्त आहे.

कोणकोणते पर्याय आहेत?

१) आयपीएस म्हणजेच घोटीव कोबा

सर्वांत साधा आणि सगळ्या मिस्त्र्यांना माहीत असलेला प्रकार. साधारण ४० मिमी जाडीचा १:२:४ प्रमाणातला थर (सिमेंट, रेती, बारीक गिट्टी) टाकून वर सिमेंटच्या घोळाची घोटाई करतात. रंग राखाडी. चांगला घोटला आणि नीट भिजवला तर वर्षानुवर्षं चालतो.

कुठे योग्य: तळमजल्याच्या खोल्या, व्हरांडा, देवघर, भाड्याच्या खोल्या.
अडचण: चौकटी न पाडता अख्खी खोली एकसंध ओतली तर भेग जवळपास ठरलेली.

२) रेड ऑक्साइड, म्हणजे लाल कोबा

कोब्याच्या वरच्या थरात आयर्न ऑक्साइडची पूड मिसळून घोटतात. लाल सर्वांत जुना. पिवळा, काळा आणि हिरवाही होतो. आयर्न ऑक्साइड खनिज असल्याने ते सिमेंटच्या क्षारात किंवा उन्हात विटत नाही. वापर वाढत जातो तशी या फरशीला स्वतःची चमक येते.

लक्षात ठेवा: रंगद्रव्य सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांपुढे नेऊ नये, हा साधारण दंडक आहे. रंग जास्त टाकला की पृष्ठभाग कमजोर होतो. सगळ्या घरासाठी लागणारी पूड आणि सिमेंट एकदाच, एकाच लॉटचं घ्या आणि कोरडंच एकत्र चाळून ठेवा. नाहीतर हॉलचा लाल वेगळा आणि बेडरूमचा वेगळा दिसेल.

अडचण: घोटाई हे हाताचं कसब आहे. ते येणारे कारागीर कमी होत चाललेत. मिस्त्रीने आधी केलेलं काम प्रत्यक्ष जाऊन बघा, फोटोवर समाधान मानू नका.

३) मोझॅक किंवा टेराझो

आपल्याकडे याला सरळ "चिप्सची फरशी" म्हणतात. सिमेंट आणि संगमरवराच्या पुडीत संगमरवरी चिप्स मिसळून थर देतात आणि तो कडक झाल्यावर मशीनने घासून चिप्सचे पोट उघडे पाडतात. तयार टाइल्स बसवता येतात किंवा जागेवरच ओतता येते.

सरकारी बांधकामांत रूढ असलेलं प्रमाण असं: वजनाने ३ भाग सिमेंटला १ भाग संगमरवर पूड, मग या मिश्रणाचे ४ भाग आणि चिप्सचे ७ भाग, हे मापाने. फिक्या रंगासाठी पांढरं सिमेंट लागतं. घासाई टप्प्याटप्प्याने होते. आधी जाड दाण्याचा दगड, मग बारीक, मग आणखी बारीक. प्रत्येक घासाईनंतर उघडी पडलेली बारीक छिद्रं त्याच रंगाच्या घोळाने भरायची असतात. हा टप्पा गाळला की फरशी कायमची मळकट दिसते.

कुठे योग्य: हॉल, जिना, मोठं कुटुंब असलेलं घर.
अडचण: घासाईचा चिखल. घर राहतं असेल तर आठवडाभर त्रास होतो.

४) पॉलिश्ड काँक्रीट

वेगळा थर न देता काँक्रीटचा स्लॅबच डायमंड पॅडने घासत नेतात. ५० नंबरच्या आसपासच्या जाड पॅडपासून सुरुवात करून ८००, १५०० किंवा ३००० पर्यंत. मध्ये सिलिकेटचं हार्डनर द्रव लावतात. ते काँक्रीटमधल्या चुन्याशी रासायनिक क्रिया करून पृष्ठभाग घट्ट करतं. मोबाइलवर दिसणारी "शोरूमसारखी" फरशी अनेकदा हीच असते.

अडचण: मुळात स्लॅब सपाट, मजबूत आणि एकसारखा ओतलेला हवा. घरगुती बांधकामातला स्लॅब बहुतेक वेळा "वर टाइल्स येणारच आहेत" या हिशेबाने केलेला असतो. अशा स्लॅबवर कुठे गिट्टी उघडी पडते तर कुठे नुसतं सिमेंट दिसतं. हा पर्याय हवा असेल तर निर्णय स्लॅब टाकण्याआधी घ्या.

५) मायक्रोसिमेंट

पॉलिमरयुक्त सिमेंटचे दोन-तीन मिमीचे पातळ थर, वर सीलर. जुन्या टाइल्स न फोडता त्यांच्यावरच करता येतं. दारं कापावी लागत नाहीत आणि वजनही फारसं वाढत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी म्हणूनच सोयीचं.

अडचण: हा थर खालच्या पृष्ठभागाचे दोष लपवत नाही. खालची टाइल पोकळ वाजत असेल, सांधे भरलेले नसतील किंवा भेग हलती असेल, तर काही महिन्यांत ती वर उमटते. संरक्षण सगळं सीलरचं असतं. तो घासला गेला की डाग आत जातात. ठरावीक काळाने सीलर पुन्हा लावण्याची तयारी हवी.

६) स्टॅम्प्ड आणि एक्स्पोज्ड अॅग्रिगेट

हे अंगण, पार्किंग आणि गच्चीकडच्या वाटेसाठी. ओलं काँक्रीट थोडं घट्ट होताच त्यावर रबरी साचे दाबून दगड, विटा किंवा लाकडाची नक्षी उठवतात. दुसऱ्या प्रकारात वरचं सिमेंट धुऊन गिट्टी उघडी ठेवतात. गुळगुळीत कोब्याच्या तुलनेत दोन्ही पावसात कमी घसरतात.

एक घरगुती सूचना: खडबडीत नक्षीवर रांगोळी बसत नाही. दारासमोर आणि तुळशीपुढे दोन-तीन फुटांचा गुळगुळीत चौकोन राखून ठेवायला सांगा. आणि संपूर्ण अंगण काँक्रीटने बंद करू नका. कंपाउंडच्या कडेने मातीची पट्टी सोडली तर पावसाचं पाणी मुरायला जागा राहते.

७) इपॉक्सी

हे काँक्रीट नाही. काँक्रीटवरचा रेझिनचा लेप आहे. चकचकीत दिसतो, डाग धरत नाही. पण थेट उन्हात पिवळा पडतो आणि खालून ओल आली तर फुगून सुटतो. तळमजल्यावर ओल तपासल्याशिवाय घेऊ नका. अंगणात तर नकोच.

जुनी मोझॅक फरशी फोडायची का?

घाईने नाही. मोझॅकचा वरचा थर काही मिलिमीटर जाड असतो आणि वर्षांच्या वापरात त्याची फार थोडी झीज होते. काळपटपणा बहुधा मेण, फिनाइल आणि मळाच्या थरांचा असतो. पॉलिशवाल्याला बोलावून कपाटामागच्या दोन बाय दोन फूट जागेत घासाई करून घ्या. चिप्स चमकून वर आल्या, भेगा बारीक निघाल्या आणि ठोकल्यावर पोकळ आवाज आला नाही, तर त्याच फरशीला पूर्ण पॉलिश करणं हा बहुतेक वेळा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग ठरतो. मलबा नाही, दारं कापणं नाही, स्कर्टिंग नव्याने करणं नाही.

फोडावी कधी? टाइल्स खचल्या असतील, भेग एका खोलीतून भिंतीखालून दुसरीकडे गेली असेल किंवा दर पावसाळ्यात ओल वर येत असेल तेव्हा. पण हे आजार खालच्या भरावाचे आहेत. तो दुरुस्त न करता वर नवी फरशी टाकली, तर तीही तशीच जाईल.

नागपुरात भेगा का पडतात?

कारण पहिलं: जमीन. नागपूर परिसरात अनेक ठिकाणी काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट फरशी घेतली की फरशीही वरखाली होते. उपाय जुनाच आहे: जोत्याच्या आतली काळी माती काढायची, मुरूम साधारण १५ सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून धुम्मस करत भरायचा, वर दगडाचं सोलिंग, प्लास्टिक शीट आणि मग पीसीसी. वेळ असेल तर भराव एक पावसाळा तसाच बसू द्या.

कारण दुसरं: पाणी. घोटाई सोपी जावी म्हणून मिश्रण पातळ केलं जातं. जादा पाणी नंतर उडून जातं आणि तेवढा थर आकसतो. ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटरपेक्षा जास्त पाणी नको. यात ओल्या रेतीतलं पाणीही धरायचं. दुसरी वाईट सवय म्हणजे वर तरंगलेलं पाणी शोषण्यासाठी कोरडं सिमेंट भुरभुरणं. त्यातून वरचा पापुद्रा कमजोर होतो, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा येतात आणि झाडू मारला की धूळ निघत राहते.

कारण तिसरं: ऊन आणि वारा. २३ मे २०१३ रोजी नागपूरचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं. अशा हवेत ओल्या फरशीतलं पाणी ती घट्ट होण्याआधीच उडतं. दर चौरस मीटरमागे तासाला एक किलोच्या आसपास पाणी उडू लागलं की भेगांचा धोका वाढतो, असं काँक्रीटच्या अभ्यासात मानलं जातं. उन्हाळ्यात काम करायचंच असेल तर पहाटे किंवा संध्याकाळी करा. खिडक्या बंद ठेवा, पंखा-कूलर बंद ठेवा, गिट्टी सावलीत भिजवून घ्या. ओतताना काँक्रीटचं तापमान ४० अंशांपुढे नको, असं भारतीय मानकांत सांगितलं आहे.

तराई किती दिवस?

सिमेंट वाळून कडक होत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतं. पाणी थांबलं की क्रिया थांबते. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला १० दिवस ओलावा लागतो. हवा कोरडी आणि उष्ण असेल तर हाच आकडा अनुक्रमे १० आणि १४ होतो. बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसी असतं. पोतं वाचून खात्री करा.

सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडणं म्हणजे तराई नाही. फरशीच्या कडेने मातीच्या किंवा मसाल्याच्या छोट्या पाळी करून पाणी साठवून ठेवा. रंगीत फरशीवर गोणपाट टाकू नका, त्याचा तपकिरी रंग उतरतो. प्लास्टिक अंथरलं तर वळ्यांच्या जागी डाग पडतात. तिथे साठवलेलं पाणीच बरं.

चौकटी आणि पट्ट्या कशासाठी?

जुन्या मोझॅकमध्ये दिसणाऱ्या काचेच्या किंवा पितळेच्या पट्ट्या फक्त शोभेच्या नाहीत. काँक्रीट आकसणारच, म्हणून भेग कुठे पडायची ते आपण आधी ठरवून देतो. ४० मिमीच्या फरशीत एक चौकट ४ चौरस मीटरपेक्षा मोठी आणि बाजू २ मीटरपेक्षा लांब नसावी. उघड्या, उन्हातल्या जागी बाजू सव्वा मीटरच्या आत. १० बाय १२ फुटांच्या खोलीत म्हणजे निदान चार चौकटी.

पट्टी काचेची किंवा पितळेची घ्या. अॅल्युमिनिअमची पट्टी ओल्या सिमेंटच्या क्षाराने खराब होते. खालच्या पीसीसीत सांधा असेल तर वरची पट्टी नेमकी त्याच रेषेवर यायला हवी.

"सांधा नसलेली अख्खी फरशी" हवी असेल तर जाड कोब्याऐवजी मायक्रोसिमेंट बघा. पण तेही खाली भेग नसेल तरच.

माल किती लागतो? स्वतः हिशेब करा

खोली: १० बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट (११.१५ चौरस मीटर). थर ४० मिमी, प्रमाण १:२:४.

- ओलं काँक्रीट: सुमारे ०.४५ घनमीटर
- सिमेंट: सुमारे १४० किलो, म्हणजे जवळपास ३ पोती
- घोटाईचा घोळ: आणखी साधारण अर्धं पोतं
- रेती: सुमारे ७ घनफूट
- गिट्टी: सुमारे १४ घनफूट
- थराचं वजन: सुमारे १,०७० किलो

ठेकेदार याच खोलीला दीड पोतं सिमेंट धरत असेल, तर एकतर जाडी कमी आहे किंवा मिश्रण. सहा पोती धरत असेल तर का, ते विचारा.

वजनाचा आकडा वरच्या मजल्यासाठी महत्त्वाचा. घरांच्या खोल्यांसाठी माणसं-सामानाचा भार दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरतात. त्यात ४० मिमीचा थर म्हणजे त्याच्या निम्मा भार कायमचा. जुन्या टाइल्स तशाच ठेवून त्यावर कोबा चढवणं म्हणूनच धोक्याचं.

कोणत्या खोलीला कोणती फरशी?

*हॉल आणि बेडरूम:* मोझॅक, रेड ऑक्साइड किंवा मायक्रोसिमेंट. कूलरखालची जागा वेगळी विचारात घ्या. कूलरचं पाणी टपकत राहिलं की क्षाराचे पांढरे डाग पडतात. तिथे ट्रे ठेवा किंवा स्टँडखाली ग्रॅनाइटचा तुकडा बसवा.

*स्वयंपाकघर:* सिमेंट आणि संगमरवर दोघांनाही आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, ताक आणि हो, संत्र्याचा रसही, सांडून तसाच राहिला तर चमक जाते आणि फिका डाग पडतो. तो डाग पुसून जात नाही, कारण तिथला पृष्ठभागच विरघळलेला असतो. सावजी रश्श्याची तर्री आणि हळद न सीललेल्या फरशीत मुरते. ओट्यापुढे चांगला सीलर किंवा सरळ टाइल्स.

*बाथरूम:* गुळगुळीत कोबा नको. खरखरीत पृष्ठभाग आणि नाहणीकडे उतार हवा. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर चमकीपेक्षा पकड महत्त्वाची. हाच नियम जिन्यालाही.

*अंगण आणि पार्किंग:* स्टॅम्प्ड, एक्स्पोज्ड अॅग्रिगेट किंवा झाडूच्या रेघांचं साधं काँक्रीट. गाडीसाठी निदान १०० मिमी जाडी आणि खाली घट्ट सोलिंग.

मुहूर्त आणि फरशी: उलटं मोजा

नागपुरात गृहप्रवेश अनेकदा अक्षय्य तृतीयेला किंवा दसऱ्याला ठरतो. म्हणजे फरशीचं काम मार्च-एप्रिलच्या उन्हात किंवा सप्टेंबरच्या ओल्या हवेत येतं. दोन्ही वेळा घाई होते आणि पहिली कात्री तराईला लागते. पाहुणे येऊन जातात, भेगा मात्र घरातच राहतात.

असं मोजा:

1. दिवस १: फरशी ओतली.
2. दिवस १ ते १४: तराई. सामान, रंगकाम, शिडी काही नाही.
3. दिवस ७ नंतर: मोझॅक असेल तर मशीनची पहिली घासाई, मधल्या काळात ओलावा चालूच.
4. दिवस २८: काँक्रीटची ताकद मोजण्याचा रूढ दिवस. यानंतर सीलर, जड फर्निचर.
5. दिवस २८ ते ५०: शेवटची पॉलिश, सुतारकाम, रंग.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवता आलं तर उत्तम. ऊन सौम्य, पाऊस नाही आणि पाणी हळू उडतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खालून ओल येते का, हे कसं कळेल?
दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक फरशीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा. दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब दिसले किंवा फरशी काळपट झाली तर ओल आहे. मायक्रोसिमेंट आणि इपॉक्सी त्या जागी थांबवा. चाचणी शक्यतो पावसाळ्यात करा. मे महिन्यातला निकाल फसवा असतो.

रेती चांगली आहे का?
काचेच्या सरळ बरणीत १० सेंटिमीटर रेती घ्या, मिठाचं पाणी टाकून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर ८ मिमीपेक्षा जास्त असेल तर रेती धुऊन घ्या किंवा परत करा.

काँक्रीटची फरशी खरंच थंड राहते का?
पायाला थंड लागते, कारण ती पायातली उष्णता पटकन ओढून घेते. दगडी आणि टाइल्सची फरशीही तेच करते. छत तापत असेल तर फरशी बदलून खोली थंड होत नाही. त्यासाठी छतावर उपाय हवा.

रोज पुसायला काय वापरायचं?
साधं पाणी, किंवा पाण्यात थोडा सौम्य साबण. टॉयलेट साफ करायचं अॅसिड फरशीवर कधीही टाकू नका. एकदाच "स्वच्छ" होते आणि कायमची खरखरीत बनते.

घासाई घरात राहून करता येते का?
ओली घासाई असेल तर खोलीखोलीने करता येते. कोरड्या घासाईची धूळ साधी नसते. त्यातली सिलिकाची बारीक भुकटी फुफ्फुसाला कायमची इजा करते. मशीन चालवणाऱ्याच्या नाकावर योग्य मास्क आणि मशीनला धूळ ओढणारा पाइप आहे ना, हे घरमालकानेही बघावं. ओल्या सिमेंटने कातडी भाजते. घोटाईवाल्यांना हातमोजे द्या.

खर्चाचं कोटेशन कसं वाचायचं?
"चौरस फुटाला इतके" एवढ्यावर हो म्हणू नका. त्या दरात खालचा थर, पट्ट्या, घासाईचे टप्पे, सीलरचे हात आणि मलबा उचलणं धरलं आहे का, ते लिहून घ्या. स्कर्टिंग रनिंग फुटाने वेगळं लावतात. दोन कोटेशनमधला फरक बहुधा याच ओळींत असतो.

काम देण्याआधीची यादी

- मिस्त्रीचं निदान दोन वर्षं जुनं काम प्रत्यक्ष पाहिलं.
- त्याच मालात, त्याच हाताने दोन बाय दोन फुटांचा नमुना करून घेतला आणि पूर्ण वाळल्यावर रंग पाहिला.
- थराची जाडी, प्रमाण आणि चौकटींचा नकाशा कागदावर आहे.
- नळ, ड्रेनेज आणि वायरिंगचं काम आधी संपलं. नंतर फरशी फोडली तर ठिगळ दिसणारच.
- बाथरूम आणि व्हरांड्याचा उतार पाणी ओतून तपासला.
- तराई कोण करणार, हे नावानिशी ठरलं.
- शेवटचा हप्ता २८ दिवसांनंतर द्यायचा, हे ठेकेदाराला आधीच सांगितलं.

यातलं तराईचं काम बहुतेक घरांत "सगळ्यांचं" असतं आणि म्हणून कुणाचंच होत नाही. ठेकेदाराचा माणूस येईल असं घरचे धरून चालतात, घरचे पाणी ठेवतील असं ठेकेदार. रंग, चिप्स आणि पट्ट्या निवडण्यात दोन रविवार गेले तरी हरकत नाही. पण त्या १४ दिवसांचं पाणी कोण बघणार, हे फरशी ओतण्याच्या आदल्या दिवशीच ठरवून घ्या.